हिसॉपची फुलं आणि आईची कात्री

शनिवार, संध्याकाळ. बेसिंगस्टोक, इंग्लंड.

आज सकाळी मी आईची कात्री लपवली. असं का वागले? नागपूरहून आल्यापासून ती रोज हिसॉपचे जांभळे तुरे कापून बुद्धवंदनेला मूर्तीपुढे ठेवते. मी ते झाड फुलपाखरांसाठी लावलंय! विंटरमध्ये पार वाळलेलं झाड मुळापासून परत फुटलं, आता कुठे फुललंय, बडीशेपेसारखं घमघमतंय. "आई, कापून टाकलीस तर फुलपाखरं येतील कशाला?" जरा जोरातच बोलले.

शॉपिंग करून आले तर आई गार्डनमध्ये. मूर्तीच बाहेर आणून हिसॉपजवळ स्टुलावर ठेवलेली, मेणबत्ती जॅमच्या बरणीत. वंदना चालू होती आणि तुऱ्यावर एक पतंग हमिंगबर्डसारखा हवेत थांबून मध पीत होता. इथे खरे हमिंगबर्ड नाहीत, पण हा आला!

वंदना संपल्यावर आई म्हणाली, "राहू देत फुलं झाडावर. आपणच यायचं त्यांच्याकडे."

मघाशी कात्री गुपचूप खिडकीत परत ठेवली. आईने लगेच उचलली, माझ्या कार्डिगनचा लोंबणारा दोरा कापला.

"सकाळपासून दिसतोय," म्हणाली. "कात्रीच सापडत नव्हती."