साडूच्या गाडीचा पट्टा

३ जानेवारी

आजपासून रोजनिशी. कारण एकच. सूड.

काल सासूबाईंकडे जेवण होतं. जेवणाआधी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी किल्ली घेऊन उठेपर्यंत साडू त्यांना घेऊन गेलासुद्धा. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दाढी गुळगुळीत, बोलणं गुळगुळीत, गाडी त्याहून गुळगुळीत.

परत आल्यावर सासूबाई भरल्या पंगतीत म्हणाल्या, "धाकट्यांच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही हो. थोरल्या जावईबापूंच्या गाडीत बसलं की उचकी लागल्यासारखं होतं."

सगळे हसले. साडू हसला नाही, त्याने नुसतं स्मित केलं. हसला असता तर सोडून दिलं असतं.

माझीही गाडी ऑटोमॅटिकच आहे, पण अस्सल. आतमध्ये खरे गिअर. एकामागून एक आपोआप पडतात, आणि पडला की कळतं, पडला. साडूची सीव्हीटी. तिच्यात गिअरच नाहीत! दोन पुली आणि मध्ये पोलादी पट्टा. एक पुली जाड होते, दुसरी बारीक होते, आणि गाडी म्हणे चालते.

येताना सौ.ला म्हणालो, पट्ट्यावर चालते ती पिठाची गिरणी. गाडी नव्हे.

ती म्हणाली, गिरणीत बसून आईला उचकी लागली नाही.

संकल्प: वर्षाच्या आत साडूचा पट्टा तुटलेला पाहायचा. सासूबाईंच्या समोर. मी काही करणार नाही. फक्त बघणार.

५ जानेवारी

अभ्यास सुरू. सीव्हीटीबद्दल वाचावं तेवढं गोड. लांब चढावर वजन घेऊन नेली की तापते. तेल वेळेवर बदललं नाही की पट्टा घसरतो. एकदा बिघडली की साधा गॅरेजवाला हात लावत नाही, बहुतेक वेळा अख्खा गिअरबॉक्सच बदलावा लागतो. इतका खूश होऊन वाचत होतो की सौ.ने विचारलं, बढती मिळाली का?

ऑफिसात (लिफ्ट दुरुस्तीची कंपनी, मी तक्रार विभागाचा प्रमुख) अकाउंट्सच्या बाईंना सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, माझी सीव्हीटीच आहे, वर्षानुवर्षं चाललीय, काही त्रास नाही. म्हणालो, अपवाद. मग टेलिफोनवरच्या मुलीने सांगितलं तिच्या वडिलांचीही तीच. दुसरा अपवाद. अपवादांनी नियम सिद्ध होतो.

१९ जानेवारी

सासूबाईंकडे साडू भेटला. नुसतं बघत बसण्याचा संकल्प थोडा सैल केला. वडीलकीच्या नात्याने सल्ला दिला. म्हणालो, गिअरबॉक्सचं तेल जन्मभराचं असतं. कंपनी एकदा भरते, ते भरते. मध्ये उघडणारे मूर्ख.

तो म्हणाला, "हो का दादा? बरं झालं सांगितलंत."

गेला बिचारा! आता हा तेल बदलणार नाही. मग तेल जळणार, मग पट्टा घसरणार. आणि माझ्या हाताला डागही नाही. रात्री दोन वेळा जेवलो.

१ फेब्रुवारी

मेहुणीचा फोन. सौ.ने मुद्दाम मोठ्याने निरोप सांगितला. साडूने तेल बदललं. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय म्हणे, म्हणून. आणि वर निरोप: जुनं तेल जरा काळपट निघालं, दादांनीही एकदा आपलं बघून घ्यावं.

जखमेवर मीठ चोळून वर मलमाची चौकशी करतो!

मी बघणार नाही. माझ्या गाडीत लोखंड आहे. तेलाची गरज नाजूक माणसांना.

२० फेब्रुवारी

गिअर पडताना धक्का थोडा वाढलाय. हा ताकदीचा धक्का. सौ. म्हणते, ताकद माझ्या मानेत जाते. ती आता मागच्या सीटवर उशी घेऊन बसते.

२२ फेब्रुवारी

विचार करता लक्षात आलं, तेलाच्या बाबतीत साडूला पुढे जाऊ देणं बरं नव्हे. त्याने साधं बदललं. मी सर्वांत भारी बदलणार. गेले दोन महिने मोबाईल उघडला की गिअरबॉक्सच्या तेलाच्याच जाहिराती येतात. त्यातला सोनेरी डबा निवडला. तोराच वेगळा त्या डब्याचा. तसे चार मागवले.

२८ फेब्रुवारी

डबे मेकॅनिककडे दिले. तो कानाला फोन लावून चहा पीत होता. डबा फिरवून बघितला आणि विचारलं, हेच ना नक्की? म्हणालो, दोन महिने अभ्यास केलाय, मला शिकवू नकोस. त्याने खांदे उडवले आणि फोनवरच्या माणसाला म्हणाला, "नाही नाही, तू बोल."

६ मार्च

चमत्कार! गाडी लोण्यासारखी. धक्का नाही, झटका नाही. गिअर पडला की नाही तेही कळत नाही.

सौ. म्हणाली, अगदी त्यांच्यासारखी झाली. अर्धा दिवस अबोला धरला.

१५ मार्च

पेडल दाबलं की इंजिन आधी गरजतं, गाडी मग सावकाश निघते. विचार करून निघते. प्रगल्भ झाली.

२६ मार्च

आता खरा डाव.

सासूबाईंना पंचाहत्तर पूर्ण होतात. डोंगरावरच्या विश्रामगृहात दोन दिवस राहून वाढदिवस करायचं ठरलं. थोरला जावई म्हणून सगळी व्यवस्था मी अंगावर घेतली. सौ.चे डोळे भरून आले. बिचारीला कल्पना नाही.

वर जायला दोन रस्ते. एक डोंगराला वळसा घालून जाणारा, रुंद, आरामशीर. दुसरा सरळ छातीवर येणारा. मी दुसरा निवडला. देखावा छान आहे, असं सगळ्यांना सांगितलं.

कोण कुठे बसणार तेही मीच ठरवलं. साडूच्या गाडीत दोघी बहिणी, त्यांचे मोठे काका (काका एकटे दोन माणसांच्या बरोबरीचे), पाण्याचे कॅन, गाद्या, खुर्च्या आणि गाणी वाजवायचा मोठा स्पीकर. माझ्या गाडीत मी आणि सासूबाई. फक्त. पट्टा तुटेल तेव्हा त्या माझ्या शेजारी, समोरच्या काचेतून सगळं स्वच्छ बघत असतील.

एक वाक्यही तयार केलंय. "असू दे रे. बसा सगळे माझ्या गाडीत. माझी ओढेल." न्हाणीघरात म्हणून पाहिलं. फार भारदस्त घुमतं.

१२ एप्रिल, सकाळ

निघतोय. साडूची गाडी मागून पार खाली बसलीय. काका चढले तेव्हा करकरली. तो मला म्हणाला, "दादा, गाद्या काही तुमच्याकडे टाकू का? तुमची रिकामीच आहे." म्हणालो, आईंना मोकळं बसू दे. तो लगेच ओशाळला. आज मला त्याची थोडी दया येतेय.

१२ एप्रिल, दुपार, रस्त्याच्या कडेला

गाडीत बसून लिहितोय. एकटा.

घाट लागला तेव्हा साडूला मुद्दाम पुढे जाऊ दिलं. पहिल्या वळणाला तो चढला. दुसऱ्यालाही चढला. काका मागच्या काचेतून हात हलवत होते. तिसऱ्या वळणाला माझं इंजिन आकाशपाताळ एक करू लागलं. काटा वर, वर, वर. गाडी मात्र जागच्या जागी.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आपण मागे चाललोय का?"

म्हणालो, "छे, चढावर तसा भास होतो."

"मग तो दगड पुढे कसा गेला?"

तेवढ्यात जळका वास आला. माझा आनंद गगनात मावेना. आलं! म्हटलं, बघा आई, धाकट्यांचा पट्टा जळाला. त्यांनी नाकाला पदर लावून वर बघितलं. साडूची गाडी पार वरच्या वळणावर, काडेपेटीएवढी, निवांत चढत होती. वास आमच्या पायाखालून येत होता.

हँडब्रेक ओढला. धूर निघाला. सासूबाईंना हात धरून उतरवलं. पंचाहत्तरीचा दिवस, नवी साडी, आणि त्या मैलाच्या दगडावर बसून मला वारा घालत होत्या. मला!

साडू परत खाली आला. वर सगळ्यांना उतरवून आला होता. मी वाट बघत होतो टोमण्याची. दहा उत्तरं तयार होती. तो एवढंच म्हणाला, "दादा, उन्हात उभे राहू नका." टोइंगवाल्याला फोन केला, पाण्याची बाटली दिली, सासूबाईंना आपल्या गाडीत बसवलं आणि म्हणाला, मी थांबतो, तुम्ही माझी गाडी घेऊन वर जा.

त्याची गाडी! मी म्हणालो, कॅप्टन जहाज सोडत नाही.

निघताना सासूबाईंनी काच खाली केली. "या हो लवकर. तुम्ही आल्याशिवाय केक कापणार नाही."

एकही टोमणा मारला नाही त्याने. हे मी विसरणार नाही.

१२ एप्रिल, संध्याकाळ

टोइंगवाला आला. वर नेत नाही म्हणाला, शहराकडेच जाणार. त्याच्या शेजारी बसून घरी आलो. सौ.ला फोन केला, केक कापा. तिने पलीकडे सगळ्यांना सांगितलं. मग टाळ्या ऐकू आल्या. फोन त्यांनी बंद केला की मी, आठवत नाही.

१५ एप्रिल

मेकॅनिकचा निकाल. गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटी जळून कोळसा. कारण, चुकीचं तेल.

भडकलो. म्हणालो, तूच ओतलंस! तो म्हणाला, "साहेब, डबे तुम्ही आणलेत. विचारलं तर म्हणालात शिकवू नकोस."

रिकामा डबा आणून दाखवला. सोनेरी. त्यावर हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत: सीव्हीटी.

त्याचं तेल वेगळं असतं म्हणे. पट्ट्याला एक लागतं, क्लच प्लेटींना दुसरं. दोन महिने ती तीन अक्षरं इतक्या वेळा वाचली की डोळ्यांना दिसेनाशीच झाली होती.

निष्कर्ष: साडूच्या सीव्हीटीने हातही न लावता माझी गाडी मारली. वैर आता पक्कं.

घरी सांगताना फक्त "अंतर्गत बिघाड" म्हणालो.

३ मे

ऑफिसला बसने. गाडी फाटकाच्या आत ताडपत्रीखाली. दुरुस्तीचा आकडा ऐकून ती तशीच राहू द्यायचं ठरलंय. सौ. रविवारी दिवसभर आईकडे असते. हल्ली फार जाते. परत येते ती हसत येते. वाढदिवसाचा राग गेला असावा.

१८ मे

विजय!!

साडू गाडी विकतोय! सौ.च्या तोंडून निसटलं. खोदून विचारलं तर विषय बदलला. म्हणजे पट्टा बोलू लागला! तो घाट त्या गिरणीला भोवला. उशिरा का होईना, भोवला.

ऑफिसात मिठाई वाटली. अकाउंट्सच्या बाईंनी विचारलं कशाबद्दल. म्हणालो, सत्याबद्दल.

साडूला मेसेज केला: वेळेत शहाणपण सुचलं, आनंद आहे. त्याचं उत्तर: "हो दादा. गाडी चांगल्या घरी जातेय."

सौ.ला म्हणालो, घाट चढून मेलेली सीव्हीटी विकत घेणारा गाढव आहे तरी कोण? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "असतात."

२५ मे

विकण्याचं कारण कळलं. साडूची बदली झालीय, पार दूर. मेहुणीही जाणार. गाडी नेता येत नाही. पट्ट्याला काहीही झालेलं नाही.

अर्थात, हे ते सांगतात ते.

सौ. आज जेवली नाही. बहिणीला पाठवायचं म्हणजे... मी म्हणालो, मी आहे ना. ती म्हणाली, "हो. तुम्ही आहात."

साडू गेल्यावर सूड कुणावर उगवायचा, हाही एक प्रश्नच आहे. संध्याकाळी दोनदा त्याचा नंबर काढला. लावला नाही.

१ जून

सकाळी साडू आणि मेहुणी गाडी घेऊन आमच्या दारात. निरोप घ्यायला आले, असं वाटलं. सौ.ला चहा ठेव म्हणालो. साडू सरळ सौ.पाशी गेला आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

तिने घेतली. स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून. रविवारी आईकडे नव्हे, मैदानावर साडूकडून गाडी शिकत होती. परवाना तर कधीच काढून ठेवलेला.

साडूने तिला तेल पुन्हा कधी बदलायचं, कुठलं घ्यायचं, सगळं नीट सांगितलं. कुठलं घ्यायचं हे सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, "दादा, येत राहा आमच्याकडे." मी म्हणालो, "पोचलास की फोन कर." का म्हणालो माहीत नाही.

मेहुणी आणि साडू रिक्षाने गेले. सौ. बराच वेळ रस्त्याकडे बघत उभी होती. मग डोळे पुसून गाडीत बसली. आईला आणायचं होतं.

मी विचारलं, चालवू का?

ती म्हणाली, "आज नको. आधी माझा हात बसू दे. तुमची ती ताडपत्री जरा बाजूला घ्या, आरशाला लागतेय. आणि मी गेले की फाटक लावून घ्या."

ताडपत्री ओढली. गाडी निघाली. निघाल्याचं मला बाहेर उभं राहूनही कळलं नाही.

फाटक लावत होतो तेव्हा शेजारी आला. कुणाची गाडी, विचारलं.

म्हणालो, आमची. सीव्हीटी आहे. चांगली असते.