धोंड्याच्या महिन्यातले दोन पाट

आई, दाजी गेला, तुझा जावई. मानखुर्दला, राहत्या घरी, झोपेत. इतकं सोपं मरण त्याच्या वाट्याला का आलं याचा मला भयंकर राग आलाय आणि तो सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही. त्याला मुलगा नव्हता, म्हणून अग्नी मेव्हण्याने, म्हणजे मी द्यावा असं लोकांचं चाललं होतं. मी सरळ नाही म्हणालो. शेवटी पुतण्याने दिला. मी मागे हाताची घडी घालून उभा होतो आणि मला एकसारखा तो धोंड्याचा महिना आठवत होता, तू आमच्याकडे राहिलीस तो.

त्या साली श्रावण अधिक आला होता आणि तुझ्या मुलुंडच्या चाळीचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं. म्हणून तू ट्रंक घेऊन घाटकोपरला आमच्या खोलीवर आलीस. आमच्या म्हणजे माझ्या आणि ह्याच्या, ज्याच्याबरोबर मी आजही राहतो. मी शाळेत लॅब असिस्टंट, तो साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर. सगळे त्याला माझा रूम पार्टनर म्हणत, तूही तेच समजत होतीस. आल्या दिवशी तू खोली झाडलीस, गादी गुंडाळलीस, आणि चपात्या लाटता लाटता विचारलंस, "दुसरी गादी कुठं हाय?" मी म्हणालो, "नाही दुसरी. लागत नाही." तू माझ्याकडे बघितलंस. मग लाटणं माझ्या मनगटावर बसलं, मग खांद्यावर, मग जिथे सापडेल तिथे. शेजारी ऐकतील म्हणून तू ओठ घट्ट मिटून मारत होतीस. मी तिशीला आलेला माणूस, तुझ्यापुढे लहानपणासारखा कोपऱ्यात अंग चोरून बसलो. तेवढ्यात तो नळावरून पाणी घेऊन आला. कळशी टाकून मध्ये पडला तर तू हात वर धरलेला तसाच थांबवलास आणि म्हणालीस, "बाजूला हो. तू परक्याचा पोरगा, तुला मारायचा मला हक्क न्हाय." त्याला ते माझ्या सुजलेल्या मनगटापेक्षा जास्त लागलं. रात्री तू गादीवर झोपलीस आणि आम्ही दोघं चटईवर, दोन टोकांना.

पण तू ट्रंक उचलून गेली नाहीस. राहिलीस आणि बघत राहिलीस. आमचं जगणं बघण्यासारखं काही नव्हतं ग. सकाळी तो चहा टाकायचा, मी रॉकेलच्या रांगेत. रविवारी त्याचे वर्कशॉपवाले रमी खेळायला यायचे, आणि अधिक महिना म्हणून तू त्यांना मटणाऐवजी साबुदाण्याची खिचडी वाढलीस तर मुकाट्याने खाऊन गेले. शेजारच्या वहिनींनी बारशाचं बोलावणं दोघांना मिळून एकच केलं, आम्ही एकच झबलं घेऊन गेलो, तू पाळण्याशी बसून ते सगळं टिपत होतीस. नळावर एकाने मला विचारलं, "काय रे, तुमच्यात साडी कोण नेसतं?" मी भरलेली बादली त्याच्या तोंडावर हाणली. त्याचा ओठ फाटला. घरी आलो तर तू गॅलरीतून सारं बघितलेलं. मला वाटलं, आता पुन्हा लाटणं. तू म्हणालीस, "दात पाडायचा हुतास." आणि महिना सरत आला तेव्हा एकदा तो वर्कशॉपच्या तेलकट कपड्यांनी देवाच्या फळीशी गेला, तर तू त्याच्या पाठीत असा धपाटा घातलास की आवाज जिन्यापर्यंत गेला. तो पाठ चोळत माझ्याकडे बघून हसला. त्या दिवसभर तो शीळ घालत होता.

मग वाणाचा दिवस. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, त्याला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ताम्हनात अनारसे आणि वर दिवा ठेवून वाण द्यायचं. तुझी खोली उघडी पडलेली, म्हणून ताई आणि दाजी आमच्याकडेच आले. तू दोन पाट मांडलेस. दोन्हींभोवती रांगोळी, दोन्हींपुढे ताम्हन. मला तू आधी काही बोलली नव्हतीस, त्यालाही नाही. दाजी पाटावर बसला, शेजारी बघितलं आणि विचारलं, "ह्यो कुनाचा?"

"जावयाचा," तू स्टोव्हकडूनच म्हणालीस.

"किती जावई हायती तुमास्नी?"

"दोन. बस रे तू," असं ह्याला म्हणून तू कढईत अनारसा सोडलास. हा बिचारा गोंधळून खरंच बसला.

दाजीला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसं त्याने लाथेने पाट उडवला, ह्याची गचांडी धरून डोकं चौकटीवर आपटलं, आणि तेच ताम्हन उचलून कानावर हाणलं. एकदा नाही. अनारसे, दिवा, तेल सगळं जमिनीवर. "माज्या पंगतीला हिजडं बसवती," असं ओरडत होता. मी त्याच्या पाठीवर झेप घेतली तर त्याने मला भिंतीवर फेकलं. ताई तोंडात पदर कोंबून उभी. आणि तू आलीस. हातात कढईतला झारा, तूप ठिबकतंय. तू तो दाजीच्या हातावर ठेवलास आणि दाबून धरलास. कातडं भाजल्याचा वास आला, आई, मला तो अजून येतो. "माज्या जावयाला हात लावतूस?" तू म्हणालीस. तो गुरासारखा ओरडत ताईला केसाला धरून घेऊन गेला.

तू जमीन पुसलीस, पुन्हा पाट मांडलास. ह्याच्या कानातून रक्त येत होतं, तिथे फडकं बांधलंस आणि ताट पुढे केलंस. "तू मला पसंत न्हाईस," असं त्याला स्वच्छ सांगितलंस. "पर पाटावर बसलेला जावई माज्या घरातनं उपाशी उठायचा न्हाय. जेव." तो रडत रडत धोंडे खात होता आणि तू वाढत होतीस, नको म्हणाला तरी वाढत होतीस. त्या दिवसानंतर दाजीने ताईला माहेरी पाठवलं नाही. तू गेलीस तेव्हासुद्धा नाही.

आता आम्ही बोरिवलीला असतो, दोघं म्हातारे. दाजीच्या दहाव्याला गेलो तर ताईने आम्हाला आत बसवलं, चहा दिला. हा आपला ऐकू येणारा कान तिच्याकडे करून बसला. ताईने पाठीवरचा पदर सरकवून वळ दाखवले, काही जुने, काही इतके नवे की मेलेल्या माणसाचा हात अजून तिथे असावा. ती म्हणाली, "हे लग्नाच्या वर्षापासनं आहे. आईला मी दाखवलं होतं. ती म्हणाली, संसारात चालायचंच, परत जा. मग माझ्यासाठी का नाही रे उचलला तिने झारा?"

आई, काय सांगू तिला? हा माझ्याकडे बघत होता, मी कपाकडे. घरी येऊन हे लिहायला बसलो, तुला जाब विचारायला. तुला पाठवायला पत्ता नाही हे बरंच आहे, कारण जाब विचारायचा म्हणून बसलो आणि तो काही विचारता येत नाही. ताई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होती, मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो, आणि मला आतून, लाज वाटावी इतकं, बरं वाटत होतं की तू तो झारा आमच्यासाठी उचललास.