हंडीतला फोन

ती. दादास, शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे म्हणून बसल्या जागीच घातला, गोड मानून घे).

तुझी आणि वहिनीची प्रकृती उत्तम असेल असं धरून चालतो, कारण नसती तर मामीकडून मला तुझ्याआधी कळलं असतं. इकडे सगळं ठीक. चार वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही, तेव्हा ठीक म्हणजे किती ठीक, ते सांगत बसत नाही. मंगळवारी सकाळी तू तीन वेळा फोन केलास आणि मी उचलला नाही, त्याचा खुलासा करायला हे पत्र. खुलासा लांबेल. विज्ञानाच्या मास्तरला काही विचारलं की असंच होतं (म्हणूनच तू मधेच उठून जायचास).

मंगळवारी शाळेत तपासणी होती. मोठ्या बाईंनी (आमच्या मुख्याध्यापिका, भिंतींना रंग दिला की शिक्षण सुधारतं असं त्यांचं ठाम मत आहे) मला हुकूम सोडला की नववीच्या वर्गावर साहेबांना काहीतरी करून दाखवा, नुसतं बोलू नका. करून दाखवण्यासारखी आमच्याकडे एकच वस्तू, काचेची हंडी. आत विजेची घंटा ठेवायची, पंपाने हवा काढून घ्यायची, की टोला पडताना दिसतो पण ऐकू येत नाही. आवाजाला हवा लागते, उजेडाला काहीच लागत नाही. वीस वर्षं मी हेच दाखवत आलोय. पण ऐन वेळी घंटेने दगा दिला. आतले सेल फुटून सगळीकडे हिरवं झालं होतं. प्रयोगशाळा सांभाळणारे बुचकाका (बाटल्या फुटल्या तरी त्यांची बुचं जपून ठेवतात) म्हणाले, त्यात काय एवढं, तुमचा फोन ठेवा की. मला कल्पना पटली. खालून थरथर ऐकू येऊ नये म्हणून घरचा भांडी घासायचा स्पंज फोनखाली घातला (त्यावरून हिने जे ऐकवलं ते वेगळंच) आणि कचेरीतल्या कारकुनाला बजावलं, अकरा वीसला बरोब्बर रिंग दे.

हवा निघाली. साहेब पहिल्या बाकावर बसलेले. मी सुरू केलं की सूर्य आणि आपण यांच्यात बहुतेक सगळी रिकामी जागाच आहे, तरी त्याचा उजेड आठ मिनिटांत पोचतो. विजेतला बदल चुंबकत्वाला उठवतो, चुंबकत्वातला बदल पुन्हा विजेला, असे दोघे एकमेकांना हात देत पुढे सरकतात, मधे कुणी धरायला लागत नाही (आपल्या घरात असं सहकार्य मी कधी पाहिलं नाही). एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटायचं की रिकाम्या जागेत ईथर नावाचं काहीतरी भरलेलं असणार. शोध शोध शोधलं, सापडलं नाही. आपली मामी तशीच आपल्या दोघांत माया भरली आहे असं अजून सांगत फिरते.

तेवढ्यात हंडीत उजेड पडला. आवाज शून्य. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पण पडद्यावर कारकुनाचं नाव नव्हतं (तो चहाला गेला होता हे मागाहून कळलं). चाळीस मुलांनी एका सुरात वाचलं, दादा. साहेब हसून म्हणाले, घरचा दिसतोय, घ्या की. मी सांगितलं, साहेब, आत निर्वात आहे, हवा भरायला पाच मिनिटं लागतात. फोन विझला, पुन्हा पेटला, विझला, तिसऱ्यांदा पेटला. मी पट्टीने दाखवत होतो, पाहा मुलांनो, मधे काहीही नाही, तरी लहर आली.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, फोन करणाऱ्याला त्याच्या कानात रिंग ऐकू येत असेल ना?"

मी म्हणालो, येते.

"मग त्यांना वाटत असेल, इथे फोन वाजतोय आणि सर मुद्दाम उचलत नाहीत."

मी म्हणालो, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

खरं सांगू, दादा, मला तुझा रागच आला होता. बाबांच्या आजारपणात दोन वर्षं अंघोळी, औषधं, कपडे सगळं मी केलं, हिने केलं. तू रोज सातला फोन केलास. बाबा सहापासून फोनकडे डोळे लावून बसायचे. मी हाताच्या अंतरावर, आणि मलाच विचारायचे, दादाचा आला का? नातेवाईक म्हणायचे, थोरल्याचा किती जीव आहे बघा. माझा जीव बेडपॅनमध्ये अडकला होता, तो कुणाला दिसणार. ते गेल्यावर, तू नुसता फोनवरचा मुलगा आहेस, असं मी तुला बोललो. ते मागे घेण्यासाठी हे पत्र नाही. असो. वहिनीला नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. साहेबांनी शेऱ्यात ‘उत्कृष्ट प्रात्यक्षिक’ असं लिहिलं. ते तुझ्यामुळे झालं, म्हणून कळवलं. उगाच उपकार नकोत.

ता. क. दुसरा. हवा भरायला पाच मिनिटं लागत नाहीत. तोटी फिरवली की दोन सेकंदांत फस्सकन आत येते. माझा हात तोटीवरच होता.

ता. क. तिसरा. बाबा गेले त्या दुपारी तू चार वेळा फोन केलास. दवाखान्यात रेंज नव्हती असं मी तुला सांगितलं. रेंज होती. फोन माझ्या खिशात होता, आवाज बंद करून ठेवलेला. बाबांनी दोनदा विचारलं, आला का? मी म्हणालो, नाही आला. एक दिवस तरी त्यांनी माझ्याकडे बघावं असं वाटत होतं. ते शेवटपर्यंत दाराकडेच बघत राहिले. हे हिलाही माहीत नाही. रविवारी मी दिवसभर घरीच आहे. शिव्या द्यायला केलास तरी चालेल, पण फोन कर.