बिनपंख्याचा लॅपटॉप

जळगाव, १४ एप्रिल २०२५

ती. सौ. अक्का,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी फोनवर बोलायची बंदी केली आणि मोबाईलवर टाइप करायला तुझं बोट धजत नाही, म्हणून हे पत्र. हेमराज कंडक्टरच्या धुळे गाडीने पाठवतेय.

बातमी वाईट आहे. शनिवार-रविवारी तुझ्याकडे केलेलं रेकॉर्डिंग घरी येऊन ऐकलं. प्रत्येक वाक्याखाली माझ्या लॅपटॉपच्या पंख्याची घरघर आहे, पिठाच्या गिरणीत उभं राहून बोलल्यासारखी. फ्लेक्स डिझाइनचं माझं काम त्यावर झपाट्याने होतं म्हणून तोच आणला, पंख्याचा विचारच केला नाही. १२ मेच्या घशाच्या ऑपरेशननंतर तुझा आवाज राहणार नाही. तोवर दिवसाला अर्धा तास बोलायची मुभा, आणि त्यातले दोन दिवस मी वाया घालवले. रडले मी, अक्का.

आज दुकानात जाऊन आले. एका लॅपटॉपला पंखाच नाही, कानाला लावला तरी चिडीचूप. पण तो धिमा, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापला की आणखी धिमा होतो. रेकॉर्डिंगवरून तुझ्या आवाजात बोलायला शिकायला त्याला तीन आठवडे तरी लागतील. दुसरा दमदार आहे, एका दिवसात शिकेल, पण काम सुरू झालं की घोंघावतो. लांब वायरचा माईक लावून तो स्वयंपाकघरात ठेवावा म्हटलं, तर तुमच्या दोन खोल्यांच्या मधे दारच नाही. वेळ थोडा आहे, म्हणून दमदारच घ्यावा आणि वर गोधडी टाकावी, असं वाटतंय.

रागवायचं असेल तर पोटभर रागव, पण कागदावर.
तुझी भाची
ऋतिका


धुळे, १७ एप्रिल

चि. ऋतिका,
अनेक आशीर्वाद.

एप्रिलात गोधडी पांघरायला तुझा लॅपटॉप बाळंतीण आहे का? आणि रडतेस काय! तीस वर्षं मी बसस्टँडच्या भोंग्यावरून गाड्या पुकारल्या. ऐकत कोण होतं? शिरपूरची गाडी लागली म्हणून घसा फोडावा, आणि माणूस खिडकीशी येऊन विचारणार की शिरपूरची गाडी कधी लागते. त्यापुढे तुझे दोन दिवस काहीच नाहीत.

आता ऐक. मशीनचा आवाज मला कधी लागणार? बारा मेनंतर. तोवर माझा आहे. बारा मेच्या आत व्हायला हवं ते फक्त माझं बोलणं. मशीनला पुढे तीन आठवडे लागोत की चार, मला कुठे गाडी गाठायची आहे? तो मुका लॅपटॉप घे.

खरं सांगते, ऑपरेशनची भीती नाही गं. घरात मी आणि तुझे नाना, दोघंच. ते पुढच्या खोलीत पेपर वाचतात, मी स्वयंपाकघरात. दिवसातून वीस वेळा हाक मारते. ती मारता येणार नाही, प्रत्येक वेळी जवळ जाऊन दंडाला हात लावावा लागेल, हा विचार आला की घास उतरत नाही. बाकी सगळं पाटीवर लिहून भागेल.

सगळ्यांना जीव लाव, मला जरा जास्त.
अक्का


जळगाव, २८ एप्रिल

ती. सौ. अक्का,
सा. न. वि. वि.

नवा लॅपटॉप तुझ्याकडेच ठेवला ते बरं झालं. काल पेनड्राइव्हवर आणलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. इतकं स्वच्छ की तुझ्या बांगड्यासुद्धा कळतात.

पण अक्का, तू स्टँडवर बोलतेयस गं! चहा घेतला का, हे विचारतानाही फलाट क्रमांक चारवर चहा लागल्यासारखा वाटतो. आधी खूप हसले, मग घाबरले. घरघरीत हे मला ऐकूच आलं नव्हतं. मशीन जसं ऐकेल तसंच बोलणार. उद्या तू नानांना हाक मारशील आणि ते पिशवी उचलून उभे राहतील.

पडद्यावर वाचायला येणारी वाक्यं सोडून दे. घरात बोलतेस तसं बोल, आपल्या खान्देशीत. मी इथे बसून लिहून काढीन. चौदा दिवस उरलेत, पुन्हा पहिल्यापासून कर म्हणायला जीभ रेटत नाही, तरी म्हणतेय.

माझ्यावरचा लोभ आटवू नकोस.
ऋतिका


धुळे, ८ मे

चि. ऋतिका,
अनेक आशीर्वाद.

लाल दिवा लागला की माझी पाठ ताठ होते, काय करू? जुनी खोड. शेवटी नानांनाच समोर बसवलं आणि वाल निवडायला दिले. मग काय विचारतेस! पेपरच्या घड्या, पलंगावर टाकलेला ओला टॉवेल, वरणगावच्या लग्नात त्यांनी हरवलेली माझी छत्री, सगळं निघालं. ते मान खाली घालून निवडत राहिले. एकदाच म्हणाले की चालू दे, थांबू नको. मग मला वाल दिसेनात.

काल घसा फाटला. डॉक्टर म्हणाले, आता बास. दोनशे चाळीस वाक्यं झाली. पुरतील का? पुरत नसतील तरी पुरतील असंच लिही.

अक्का


जळगाव, ९ मे

ती. सौ. अक्का,
सा. न.

पुरतील.

तुझी
ऋतिका


धुळे, १० जून

चि. ऋतिका,
अनेक आशीर्वाद.

ऑपरेशनच्या वेळी लॅपटॉप नेलास आणि महिनाभर कूलर त्याच्याकडे वळवून घरच्यांना घामाघूम ठेवलंस, त्या सगळ्यांची माफी मागते. माझी जखम भरतेय, पातळ जेवण जातं.

रविवारी तू लॅपटॉप देऊन गेलीस तेव्हा नाना वरणगावला भावाकडे होते. काल सकाळी आले. मी काही कळू दिलं नाही. ते पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसले. मी त्यांचं ताट वाढलं, लॅपटॉप पिठाच्या डब्यावर ठेवला आणि एका बोटाने लिहिलं, ‘उठा, जेवाले चाला.’ दुसरा कसला आवाज नाही, फक्त माझी हाक गेली.

पेपरामागून आलो आलो म्हणाले आणि नेहमीसारखे रेंगाळले. मी दुसऱ्यांदा मारली. तेव्हा आले, बसले, वरणात मीठ कमी आहे म्हणाले. अर्धी भाकर होईपर्यंत त्यांच्या लक्षातच आलं नाही. मग हात थांबला. माझ्या गळ्यावरच्या पट्टीकडे बघत राहिले, आणि ताट सोडून उठले. मला वाटलं, रडायला गेले.

ते पुढच्या खोलीत जाऊन पुन्हा पेपर घेऊन बसले होते. तिथून ओरडून म्हणाले की परत हाक मार. मी मारली. आले, उंबऱ्यावर उभे राहिले, पुन्हा गेले. असं पाच वेळा झालं. भाकर पार गार झाली.

तुला उदंड आयुष्य लाभो.
तुझी
अक्का