रंग उतरायला लागणारा वेळ

प्रिय अक्का,

कुरिअरवाल्यानं पाकीट हातात दिलं की तू आधी वाईटच मनात आणशील, म्हणून आधीच सांगतो, घरी सगळे सुखरूप आहेत. फोन असताना या बाबाला पत्र लिहायची काय हुक्की आली, असं तू दाजींना विचारशील. पण फोनवर तू मला बोलू कुठं देतेस? मी डोळ्यांचा विषय काढला की तू रडायला लागतेस, मग मीच तुझी समजूत घालतो आणि शेवटी जेवलास का, यावर गाडी येऊन थांबते. या वेळी मला मधे अडवू नकोस. दुपारची कामं आवर, चष्मा लाव आणि एकटीच वाच. दाजींना नंतर दे.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तुम्ही आमच्या नंदूला सून म्हणून कुंकू लावायला येणार, म्हणून तुझ्या भावजयीनं, मेघानं, घर घासूनपुसून लख्ख केलंय. पण मागच्या रविवारी तू फोनवर साडीचा रंग विचारलास तेव्हा ती नुसतं हूं म्हणाली. ते तू मनाला लावून घेतलं असशील, मला माहीत आहे. ती तुझ्यावर रागावलेली नाही. तिच्या मनात तुझ्याबद्दल काहीही नाही. असतं तर मला सोपं गेलं असतं.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही. माझा भाऊ वाळूजला चष्म्याच्या कंपनीत आहे, असं तू वैजापूरभर सांगत सुटतेस आणि मग यात्रेत म्हातारी माणसं मला गाठून नंबर काढून मागतात. आम्ही नंबराचे चष्मे करत नाही गं. रस्त्यावर, बांधकामावर, कारखान्याच्या आवारात उन्हात काम करणाऱ्यांच्या डोळ्यांवर जे जाड संरक्षक गॉगल असतात, त्यांची भिंगं आम्ही बनवतो. ती साधी नसतात. उन्हात गेली की आपोआप काळी होतात, सावलीत आली की परत साफ. हे त्यातल्या रंगामुळं होतं. रंगाची भुकटी बाहेरच्या देशातून तपकिरी बाटल्यांत येते, चिमूटभरच लागते, आणि ती मापताना मी श्वाससुद्धा जपून घेतो. उन्हातले जे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, ते लागले की हा रंग अंग पसरतो आणि भिंग काळं होतं. पण अंग पसरायला त्याला प्लास्टिकमध्ये जागा लागते. फुटू नये म्हणून प्लास्टिक फार कडक केलं, तर आत रंगाची गत भरलेल्या काळी-पिवळी जीपमधल्या माणसासारखी होते, हात हलवायची सोय नाही. मऊ ठेवलं तर भिंगावर ओरखडे पडतात. म्हणून कडक भिंगावर आम्ही रंगाचा वेगळा मऊ थर चढवतो आणि भट्टीत भाजतो. या दोन्हीच्या मधलं माप सांभाळण्यात माझी उमर गेली.

आणखी एक गंमत. हा रंग थंडीत जोरात चढतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात, नेमका हवा तेव्हा, अर्धामुर्धाच चढतो. उकाड्यात तो चढता चढताच उतरत असतो. यावरून गिऱ्हाईक आमच्या नावानं खडे फोडतं. उतरायलाही वेळ घेतो तो. उन्हातून आत आलं की काही मिनिटं अंधारल्यासारखं राहतं, मग हळूहळू साफ होतं. कंपनीत नवा माणूस आला की मी पहिल्या दिवशी त्याला हेच सांगतो, आत आल्यावर दाराशी जरा थांब, रंग उतरू दे, मग पाय टाक. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही म्हणत असेन.

आणि इथंच मी फसलो, अक्का. आपला माल आपणच वापरून बघावा, म्हणून हे भिंग मी वर्षानुवर्षं स्वतः लावतोय. संध्याकाळी पाळी सुटून बाहेर पडलो की मला समोरचं धड दिसेना. गेटापाशी माल रचायच्या लाकडी पाटांना अडखळलो, एकदा बसची पायरी चुकलो, एकदा नंदूच्या मैत्रिणीच्या वडिलांनी हात पुढं केला तो मला दिसलाच नाही आणि माणूस दुखावला. दर वेळी मी म्हटलं, रंग उतरला नाही अजून. दुसऱ्या कुणाला संध्याकाळी दिसलं नसतं, तर तो आपले डोळे दाखवून आला असता. मी रंगाच्या पुरवठादाराला शिव्या घातल्या. लवकर उतरणारा रंग मागवला, भट्टीची आंच बदलली, थर पातळ केला. तपासायच्या पेटीत उन्हासारख्या दिव्याखाली भिंग धरलं की ते वेळेवर चढायचं, वेळेवर उतरायचं, आणि संध्याकाळी माझ्या नाकावर बसलं की अंधार. मालकांना वाटलं, कारभारीला आता काम जमेना.

मग एके संध्याकाळी लाइट गेली आणि मी गेटापाशी भिंतीला धरून उभा राहिलो. आमचा राजेंद्र, भट्टीवरचा, मागून आला. काय झालं म्हणाला. मी नेहमीचं पुराण लावलं, की हा नवा रंगही तसलाच निघाला. त्यानं माझ्या नाकावरचा चष्मा काढला, मोबाइलच्या उजेडात धरला आणि म्हणाला, भाऊ, भिंग तर पाण्यावानी साफ हाय, कवाच उतरलंय. चष्मा त्याच्या हातात होता, माझ्या डोळ्यांवर काहीच नव्हतं आणि मला तेवढाच अंधार दिसत होता. तो कुणाला काही बोलला नाही. माझा हात धरून त्यानं मला बसमध्ये बसवलं. त्या दिवशी मी घाबरलो, खरंखुरं घाबरलो.

पुढचं तुला तुकड्यातुकड्यानं माहीत आहे. डोळ्यांचा पडदा कडेकडेनं झिजतोय, त्यावर आज तरी औषध नाही, चष्मा नाही, ऑपरेशन नाही. रातांधळेपणापासून सुरू होतं आणि मग नजर चहूबाजूंनी आवळत जाते. दाजी म्हणाले, दिव्याच्या पेटीनं डोळे खाल्ले, कंपनीवर केस टाकू. खरं सांगू, मलाही तसंच हवं होतं. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत मी मनातल्या मनात देवाला म्हणत होतो, दिव्यानंच झालेलं असू दे. कंपनीच्या नावानं बोटं मोडता येतात, दाराशी उपोषणाला बसता येतं. पण डॉक्टरांनी पेटीची सगळी माहिती विचारली आणि मान हलवली. दिव्याचा यात काही संबंध नाही, हे जन्मापासून तुमच्या रक्तात आहे, म्हणाले. मग विचारलं, तुमचे आईवडील नात्यातले होते का. मी ताठ बसून सांगितलं, व्हय, आई म्हणजे दादांच्या सख्ख्या मामाची मुलगी, आणि आजीचंही तसंच. आपल्यात हे कौतुकानं सांगायची सवय, तोंडातून त्याच चालीवर गेलं. घरात आधी कुणाला होतं का, असं विचारल्यावर मला अप्पाराव काका आठवले. दिवेलागणीला खुरपं टाकून घरी यायचे आणि ओसरीवर चाचपडत चालायचे, आठवतं? सगळा गाव म्हणायचा, अप्पाराव संध्याकाळची घेतो. त्या माणसानं जन्मात थेंब घेतला नव्हता. आपणसुद्धा हसायचो.

आता ऋतुराजबद्दल. तुझ्या पोराची तारीफ तुझ्यापाशी काय करायची, पण करतो. शेंद्र्याच्या कारखान्यातली पाळी संपवून तो थेट येतो, मला गाडीवर घेतो, दवाखान्यात नेतो, पायरी आली की नुसतं कोपराला बोट लावतो, चार माणसांत हात धरून मला म्हातारा करत नाही. परत येताना उस्मानपुऱ्यात चहा पाजतो आणि पैसे मला देऊ देत नाही. नंदू दारातच उभी असते. माझं निमित्त करून दोघं अंगणात बोलत उभी राहतात आणि मी आतून ऐकून न ऐकल्यासारखं करतो. नंदूच्या बारशाला तू तिच्या पाळण्यात ऋतुराजचं जुनं झबलं ठेवलंस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, ही माझी, हिच्यावर दुसऱ्या कुणी नजर टाकायची नाही. मी हसून मान डोलावली होती. तेव्हा मला त्यात आनंदच होता आणि आजही याच्याहून चांगला जावई मला दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही.

याच भरात मी डॉक्टरांना म्हणून गेलो, की बाहेर गाडी लावतोय तो माझा भाचा, आणि आता जावई होणार. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि त्याला आत बोलवा म्हणाले. ते त्याला समजावून सांगायला लागले, की तुमच्यातही हाच दोष आहे का हे रक्त तपासून बघता येईल. त्यानं अर्धंच ऐकलं. बाही वर केली आणि म्हणाला, मामाच्या डोळ्यांसाठी लागंल तेवढं काढा. त्याला वाटलं, माझ्या औषधपाण्यासाठीच चाललंय. सही करून मोकळा झाला. मी शेजारीच बसलो होतो. नंतर तो परत कधी विचारेल तर सांगू, असं मी ठरवलं, आणि तो विचारतो ते एवढंच, मामा, माझ्या रक्ताचा काही उपेग झाला का.

हैदराबादला पाठवलेल्या रक्ताचा निकाल आला तेव्हा मी मेघाला घेऊन गेलो. जो दोष माझ्यात आहे तो नंदूमध्ये असणारच होता, माझी मुलगी आहे ती. तो ऋतुराजमध्येही निघाला, अक्का. म्हणजे तुझ्याकडून गेला आणि तुला तो आई नाहीतर दादा, एकाकडूनच आला. घाबरू नकोस, तुला काही होणार नाही, त्याला नाही, नंदूलाही नाही. मला तो आई आणि दादा दोघांकडून आला म्हणून माझे डोळे चाललेत, एकाच बाजूनं आलेला दोष काही करत नाही. दोघं एकत्र आली, तरच प्रत्येक लेकराच्या वेळी चारातला एक धोका, की ते माझ्यासारखं किंवा अप्पाराव काकांसारखं होईल. लग्न करू नका, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ते ठरवणं माझं काम नाही म्हणाले. पोटातल्या बाळाची तपासणी असते, मग पुढं काय करायचं हे ज्याचं त्यानं बघायचं असतं, असंही बोलले. मेघानं विचारलं, दुसरा काहीच इलाज नाही का. ऋतुराजला त्याच्या रक्ताचं कळायला हवं, त्याला पाठवून द्या, असंही त्यांनी बजावलं आणि मी हो म्हणून आलो. तेव्हापासून तो रोज माझ्यासमोर येतो आणि माझी जीभ उचलत नाही. रंग चढेना, तर मी थर बदलतो. उतरेना, तर आंच बदलतो. इथं काय बदलू, सांग. मी हरलोय.

म्हणून हे पत्र. आपल्यात भावाच्या पोरीवर बहिणीचा पहिला हक्क असतो. भावानं नाही म्हणायची रीत नाही, आणि तुला नाही म्हणायची माझ्यात हिंमतही नाही. हो म्हणायची तर त्याहून नाही. हक्क तुझा आहे, तो ठेवायचा की सोडायचा हे तूच ठरव. तू जे ठरवशील त्याला मी आणि मेघा मान खाली घालून कबूल आहोत. फक्त आखाजीच्या आधी ये, नारळ, साडी, कुंकू काही आणू नकोस, दाजींनाही आणू नकोस, एकटी ये. दोघांना समोर बसवून तूच सांग, ऋतुराजला त्याच्या रक्ताचं आणि नंदूला दोघांचं. मी तिथंच बसेन, उठून जाणार नाही. मला सांगायला लावू नकोस एवढंच. कडेचं सगळं गेलं असलं तरी नजरेचा मधला भाग शेवटपर्यंत टिकतो, असं डॉक्टर म्हणाले. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा मला अजून अगदी स्पष्ट दिसतो, अक्का.

तुझाच,
कारभारी