तुझीच कात्री

प्रिय आत्या,

घरातली पहिली पदवीधर म्हणून तुला धीर द्यायला सगळ्यांनी मलाच पाठवलं. मी म्हटलं, "सकारात्मक राहा." तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. "हे तर दवाखान्याच्या फलकावरही लिहिलंय. मग तू कशाला आलीस गं, शहाणे?"

तेव्हापासून तू कुणाशी बोलत नाहीस. उद्याच्या केमोलाही नुसती मान हलवून नको म्हणतेस. मला फार भीती वाटते.

जन्मभर बायकांचे केस कापलेस, पण आरसा दाखवण्याआधी कधी कुणाला 'छान दिसतंय' म्हणाली नाहीस. आता तुझेच केस उशीवर गळताहेत.

हे पत्र मी देणार नाही, यातही शहाणपणाच जास्त आहे. उद्या तुझी कात्री घेऊन येते आणि उरलेले केस कापते. वाकडे कापले तर ओरड. तू ओरडलीस की मला धीर येतो.

तुझी,
शहाणी भाची