गिऱ्ह्याने अडवलेले कावळे

गोडादरा, सुरत

ती. भागीरथीआक्कांना किसनचा नमस्कार. गुडघ्यांमुळे तुम्हाला धाकट्या बहिणीच्या दहाव्याला येता आलं नाही, हे मनाला लावून घेऊ नका. शेकत जा. मी जेवतो, झोपही लागते. फोन केला असता, पण इथल्या भिंती पातळ आहेत.

सुवर्णाचा पिंड तापीकाठी ठेवला, पण कावळा शिवेना. कावळे पुष्कळ होते, झाडावर ओळीने बसून होते. तिची इच्छा काय राहिली असेल म्हणून जो तो वचनं देऊ लागला. तुमचा भाऊ लखन, त्याने तंबाखू सोडली. दगाभाऊंनी (माझे थोरले) छपराचे पत्रे बदलायचं कबूल केलं. खालच्या सरलाबाई तर रडतच म्हणाल्या, "सुवर्णा, तुझी कढई मीच नेली होती गं, देते परत!" (कढई मिळाली. कावळा नाही.)

तेवढ्यात लखन ओरडला, "दाजी, तो आला!" पाण्यातून कमरेपर्यंत वर आला होता तो तुमच्या गावच्या डोहातला गिऱ्हा, तेच पाणभूत, ज्याचा सुवर्णावर जीव होता असं तुम्ही मला लग्नाआधी हळूच सांगितलं होतं. आमच्या लग्नानंतर तो तापीतूनच मागोमाग सुरतेला आला (वाटेत उकाईचं धरण आहे, तरी आला). माणूस वाईट म्हणावा तर पुरात गल्ली वरच्या मजल्यापर्यंत बुडाली तेव्हा आमचा उंबरा त्यानेच कोरडा ठेवला. चांगला म्हणावा तर मी तिला आणलेली प्रत्येक नवी साडी पहिल्याच दिवशी भिजायची.

"ती पहिले मनी व्हती," तो म्हणाला. (इतकी वर्षं सुरतेत राहून त्याची अहिराणी माझ्याहून चांगली आहे.) ती आधी त्याची होती; कावळा शिवला तर ती कायमची जाईल, नाही शिवला तर इथेच त्याच्याजवळ राहील, असं त्याचं म्हणणं. खरं सांगतो, क्षणभर मलाही ते बरं वाटलं. रविवारी घाटावर येऊन बसता आलं असतं.

पण मी त्याला विचारलं, पाणी तापवायची सोय आहे का? ती मे महिन्यातही गार पाण्याला हात लावत नसे, लगेच छाती भरायची. हे त्याला ठाऊकच नव्हतं. माहेरी असताना तो तिला ओंजळी भरभरून डोहाचं पाणी पाजायचा आणि ती घरी जाऊन चुलीपुढे बसायची. त्याचं मन मोडेल म्हणून बोलली नसेल. तो बराच वेळ आपल्या ओंजळीकडे बघत राहिला. मग झाडाकडे बघून म्हणाला, "जा रे आते." त्याने आता जा म्हटलं आणि कावळा शिवला.

तुमचा,
किसन

ता. क. घाटावरून तो माझ्यामागे घरी आला. मोरीतल्या निळ्या पिंपात राहतो. रडला की पिंप वाहतं आणि सरलाबाईंच्या छताला ओल येते. पत्राचं खरं कारण हे. लखनबरोबर कॅनमध्ये पाठवतो, डोहात सोडून द्या.

पुन्हा ता. क. लखन कॅन घेऊन आला होता, त्याला चहा देऊन परत पाठवलं. संध्याकाळी तो पिंपातला तिच्याबद्दल बोलतो. तिला चिंचेवर चढता यायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सध्या राहू द्या. फक्त सरलाबाईंना फोन करून तुम्ही सांगा की आमचा पाइप फुटला आहे. माझं खोटं लगेच ओळखू येतं.